जुन्या ब्लूजमधल्या बायकांचं लपलेलं आयुष्य गाण्यातून कसं शोधायचं

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, आणि लपलेलं आयुष्य म्हणजे त्यातल्या गायिकांचं बायकांवरचं प्रेम. सुरुवात गायिका मा रेनीच्या 'प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज'पासून करा, 1928 ची पॅरामाउंट कंपनीची रेकॉर्ड. आधी नुसतं ऐका, आवाज खरखरतो, शब्द नाही कळले तरी चालेल. मग लिरिक्स समोर ठेवून परत ऐका. बाई सरळ गातेय की काल रात्री मैत्रिणींसोबत होते, पुरुष मला आवडत नाहीत, कॉलर-टाय घालते, लोक बोलतात पण मला कोणी पकडलेलं नाही, हिंमत असेल तर सिद्ध करा!

आता त्याच गाण्याची जाहिरात नेटवर शोधा आणि झूम करून बघा. हॅट, कोट, टाय घातलेली धिप्पाड बाई दोन पोरींशी बोलतेय आणि लांबून पोलीस बघतोय. म्हणजे कंपनीला सगळं ठाऊक होतं, तिने ते दाबलं नाही तर विकलं, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे गायिका लुसिल बोगनचं 1935 चं 'बी. डी. वुमन्स ब्लूज' घ्या, पुरुषी वागणाऱ्या बायकांवरचं गाणं आहे, पण बेसी जॅक्सन या नावाने शोधा कारण रेकॉर्डवर तेच नाव होतं.

फक्त गाण्यांवर मात्र थांबू नका, बहुतेक गाणी पुरुषांबद्दलच आहेत, त्यावरून गाणारीचं आयुष्य ठरवू नका. गायिका अल्बर्टा हंटर बघा, लॉटी टायलर ही बाई तिची जोडीदार, पण याबद्दल ती जाहीरपणे कधी बोलली नाही. उलट गायिका ग्लॅडिस बेंटली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या 133व्या स्ट्रीटवर पुरुषांसारखा पांढरा टक्सिडो सूट, टॉप हॅट घालून पियानोवर बसायची आणि समोरच्या बायकांशी बिनधास्त फ्लर्ट करायची. तिनेच 1952 मध्ये 'एबनी' मासिकात लिहिलं की मी आता परत बाई झाले, हॉर्मोन्स घेतले, लग्न केलं. ते वाचताना तिला खोटारडी ठरवायची घाई नको, तेव्हा अमेरिकेत समलिंगी लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, धाडी पडत होत्या, पोट गाण्यावर होतं.

आणि कुठलीही गोष्ट वाचली की पहिला प्रश्न, हे सांगितलं कोणी? गायिका बेसी स्मिथच्या बायकांशी असलेल्या नात्यांबद्दल बरंचसं कळतं ते रुबी वॉकरमुळे, ती बेसीच्या नवऱ्याच्या नात्यातली आणि बेसीबरोबर टूरवर असायची, म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं. मा रेनी आणि बेसीचं जमलं होतं हे मात्र सगळीकडे छापलेलं दिसेल, पण ती ऐकीव गोष्ट आहे, ऐकीव म्हणूनच पुढे सांगा.