ब्रेन ट्यूमर संशोधनासाठी मॅरेथॉन धावताय? या चुका टाळा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. पावसाळा सरत आला की आमच्या रनिंग ग्रुपवर नव्यांचे मेसेज सुरू होतात. घरात कुणाला तरी ब्रेन ट्यूमर झालेला असतो, त्याच्यासाठी धावून संशोधनाला देणग्या जमवायच्या असतात. तळमळ खरी असते, पण घाईत त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे देणग्या स्वतःच्या गूगल पेवर मागवणं. आमच्यातल्या एका मुलाने आईच्या आजारपणानंतर असेच पैसे जमवले. ऑफिस, सोसायटी, नातेवाईक, सगळ्यांनी सढळ हाताने दिले. त्याने सगळी रक्कम एकगठ्ठा संस्थेला पाठवली आणि पावती आली ती त्याच्या एकट्याच्या नावाने. रिटर्न भरायच्या वेळी लोक 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मागू लागले. पण पावती ज्याच्या खात्यातून पैसे येतात त्याच्या नावावर, त्याच्याच पॅनवर निघते. संस्था तरी काय करणार? एका मावशींनी चारचौघांत विचारलं, "पैसे पोचले तरी का रे?" पै न पै पोचवलेल्या मुलाला हे ऐकावं लागलं.

म्हणून मी एकच सांगतो: थेट संस्थेच्या देणगीच्या पानाची लिंक द्या, मधे स्वतःचं खातं आणू नका. रोखीने 2000 रुपयांच्या वर दिलं तर 80जीचा फायदा मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला मामेभाऊ देणार असेल, तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, आहे का ते आधी विचारा.

दुसरी चूक मला जास्त लागते. आवाहनात 'संशोधन' लिहायचं आणि पैसे कशाला वापरले जाणार हे विचारायचंच नाही. रुग्णांना मदत हे मोलाचंच काम, पण ते वेगळं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरसाठी शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या द्यायची पद्धत 2005 पासून रूढ झाली, आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. संशोधनाला पैसा लागतो तो यापुढचे उपचार शोधण्यासाठी. खारघरच्या एक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) ठिकाणी उपचार आणि संशोधन दोन्ही चालतं, त्यामुळे देणगी कुठल्या हेडखाली जमा होणार हे लेखी घ्या. मी ईमेल आल्याशिवाय लिंक पुढे पाठवत नाही.

पेशंटचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

ग्रुपवर फॉरवर्ड करून पैसे येत नाहीत. फोन करा.

आता धावण्याचं. सलग 10 किलोमीटर न धावलेली माणसं फुल मॅरेथॉनला नाव देतात. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं. हाफ धावा, देणारे अंतर मोजून देत नाहीत. पेनकिलर घेऊन तर अजिबात उतरू नका, आणि तहान नसताना प्रत्येक स्टॉलवर पाणी ढोसू नका. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरलं की मेंदूला सूज येते, जिवावर बेततं.

शर्यत झाली की आठवड्याभरात प्रत्येक देणाऱ्याला नाव घालून लिहा: एकूण किती जमले, कुठे जमा झाले, पावती कधी येईल.