'गोवा' निवडलं आणि गुरुग्रामहून फोन आले

मार्केटिंगमध्ये नव्याने येणाऱ्याला सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग हे तीन शब्द पाठ असतात, तेव्हा ते समजावत बसत नाही. मलाही पाठ होते. म्हापशाच्या कॉलेजातून बी.कॉम., पणजीत एक डिप्लोमा आणि पहिली नोकरी फोंड्यातल्या एका छोट्या कंपनीत. काम काय, तर गळणाऱ्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग. पहिल्याच महिन्यात मी मालकांना टीजीची, म्हणजे टार्गेट ग्रुपची (जाहिरात कोणासाठी, त्या लोकांची) देखणी स्लाइड दाखवली: घरमालक, वय 35 ते 60, उत्पन्न मध्यम ते उच्च, गोवा. त्यातला शेवटचा शब्द कंपनीला अठरा हजारांना पडला.

झालं असं. एप्रिलमध्ये गूगल अ‍ॅड्सवर जाहिरात लावली. लोकेशनमध्ये 'गोवा' टाकलं, बजेट भरलं, सुरू. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेना. मालकांनी चहाबरोबर सामोसे मागवले. तिसऱ्या दिवशी गुरुग्रामहून एकाने विचारलं, व्हिलाला पूल आहे का? पुण्याच्या एका मुलीला रूफटॉपवर चाळीस जणांची पार्टी करायची होती. मी म्हटलं, चार वाईट लीड, म्हणजे चौकशा, येणारच. आणि शहाणपणा असा, की बजेट वाढवलं. नऊ दिवसांत पैसे संपले तेव्हा स्लॅब गळणारं घर एकही हाती नव्हतं.

आता हे नीट वाचा, बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल. लोकेशन निवडता तिथेच खाली 'लोकेशन ऑप्शन्स' म्हणून एक घडी घातलेली ओळ असते. ती उघडल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि घाईत कोणी उघडत नाही. आत पर्याय असतात. आधीपासून निवडलेला जो असतो, त्याचा अर्थ: त्या ठिकाणी असलेले, तिथे नेहमी येणारे, *किंवा त्या ठिकाणात रस दाखवलेले* लोक. दुसऱ्याचा अर्थ: फक्त तिथे असलेले किंवा नेहमी येणारे. अकोल्याच्या दुकानदाराने पहिला ठेवला तर फार बिघडत नाही, कारण रात्री बारा वाजता अकोल्याचं स्वप्न बघत मोबाइल चाळणारे लोक कमी. गोव्याचं तसं नाही. 2011 च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि 2024 या एका वर्षात आलेले पर्यटक कोटीच्या वर. जे नुसते बेत आखत होते ते वेगळेच. 'गोव्यात रस असलेले' म्हणजे जवळजवळ अख्खा देश. त्या देशाला मी स्लॅबची गळती दाखवत होते.

दुसरा पर्याय निवडला म्हणजे सुटलात असंही नाही. कळंगुटच्या किनाऱ्यावर आडवा पडलेला पर्यटकही त्या क्षणी 'गोव्यात असलेला'च. म्हणून कीवर्डची, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते त्यांची, गाळणी लागते. मी 'रूफ' हा शब्द ब्रॉड मॅचवर सोडला होता, म्हणजे गूगलला त्याच्या जवळपासचं जे वाटेल ते चालणार होतं, आणि त्याला रूफटॉप कॅफे जवळचा वाटला. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते 'सर्च टर्म्स' अहवालात बरंचसं दिसतं. तो दुसऱ्या दिवशी उघडा. मी नवव्या दिवशी उघडला. रूफटॉप, व्हिला, पार्टी, हॉटेल, भाड्याने हे सगळे निगेटिव्ह कीवर्ड (ज्यांवर जाहिरात दिसू नये असे शब्द) म्हणून टाका आणि यादी रोज वाढवा.

पैसे जाळल्याचं दुःख करत बसू नका. या धंद्यात प्रत्येकाचे कधी ना कधी जळतात आणि नोकरी सहसा जात नाही. माझी गेली नाही. मालक एवढंच म्हणाले, "आता रस्त्यावर जा."

इथे माझं एक ठाम मत. 999 रुपयांत महिन्यात मार्केटर करून देणारे जे रील-गुरू आहेत, त्यांच्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात दोन दिवस स्टूल टाकून बसा. गिऱ्हाईक दुकानदाराला काय म्हणतं ते ऐका. मला तिथेच कळलं की आमची स्पर्धा दुसऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याशी नव्हतीच. ती होती स्लॅबवर पत्रे घालून देणाऱ्या फॅब्रिकेटरशी. एकाही स्लाइडवर तो नव्हता.

मग मी दुसरी चूक केली. ताक फुंकून पीत गोव्याबाहेरचं सगळं बंद केलं. फोन शांत. त्या दिवसांत हळदोण्याला एका घरी गेले. हॉलच्या कोपऱ्यात बादली, भिंतीला माणसाच्या उंचीएवढी काळी ओल. सोफ्यावर प्लास्टिक घातलेलं. आजी सगळं दाखवत फिरली, दर ऐकला आणि म्हणाली, "म्हाका कित्याक विचारता, बाय? पूत कुवेतांत आसा, ताका विचार." गळतं तिच्या डोक्यावर, पैसे आणि होकार कुवेतमध्ये. आणि कुवेत मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलेलं.

बाहेर पडताना पोदेर, म्हणजे पाववाला, भेटला. सायकलवर टोपली, भोंगा वाजवत चाललेला. सहज विचारलं तर वाड्यावरचं एकेक घर सांगितलं त्याने: इथे चार पाव रोज, इथे फक्त मे महिन्यात, इथे दोन वर्षं कुलूप, चावी शेजारणीकडे. गिऱ्हाइकांचं असं सेगमेंटेशन, म्हणजे गटवारी, मी आजवर कुठल्या एजन्सीकडून पाहिलेलं नाही. एसईसी म्हणून घरांची जी सामाजिक-आर्थिक वर्गवारी 2011 पासून वापरात आली, ती घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि फ्रिज, दुचाकी, गाडी अशा अकरा वस्तूंपैकी किती आहेत यावर चालते. साबण विकायला ठीक असेल. कुलूपबंद घर तिच्यात कुठल्या खान्यात बसवणार?

नंतर दोन वेगळ्या मोहिमा केल्या. एक गोव्यात असलेल्यांसाठी. दुसरी मुंबई, कुवेत आणि ब्रिटनमध्ये *राहणाऱ्यांसाठी*, आणि तीही 'गोव्यातल्या घराची गळती' असल्याच शोधांवर. दुसरीत स्वस्त दराची भाषाच नाही. कामाचा व्हिडिओ रोज व्हॉट्सअ‍ॅपवर, चावी शेजारी, शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर, एवढंच. कामं तिथून सुरू झाली.

तरी अर्धी कामं आजही इंटरनेटवरून येत नाहीत. ती मेस्त, म्हणजे गवंडी, आणतो. 1959 मध्ये आलेलं फेव्हिकॉल बळवंतराय पारेखांच्या कंपनीने थेट सुतारांपर्यंत नेलं, कारण कुठला गोंद वापरायचा ते घरमालक ठरवत नाही. आमच्याकडेही माल मेस्त ठरवतो. त्याला फक्त कमिशन देऊ नका, तो दुसऱ्याकडून जास्त घेईल. त्याचं काम गळलं तर तुम्ही धावून जाता हे त्याला एकदा दिसू द्या.

भाषेचं थोडक्यात: डिचोली, सत्तरी, पेडण्यात घरी बोलणं कोंकणी पण पेपर मराठी, तेव्हा छापील जाहिरात मराठीत. सासष्टीत तीच दिलीत तर वाया, तिथे इंग्रजी किंवा रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी. व्हॉइस नोट मात्र सगळीकडे कोंकणीतच पाठवा.

आणि वेळ. पणजीत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. गिऱ्हाईक जागं होतं पहिल्या थेंबाला, किंवा चवथीला (गणेश चतुर्थीला), गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना छत ओलं लागतं तेव्हा. तेव्हा स्लॅब सुकायचा नाही. मोहीम मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागली पाहिजे. जूनमध्ये 'ताई, लीड येतात पण काम करता येत नाही' म्हणून मला मेसेज करणारे दरवर्षी चार-पाच तरी असतात. त्यांना उत्तर मी चवथीनंतर देते.