३९ म्हणजे नक्की किती? पवनचक्क्यांच्या परवानग्यांमधली माझी सुरुवात

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी एक साइट नापास केली. सातारा जिल्ह्यातलं पठार होतं, जुन्या छोट्या चक्क्या उतरवून तिथे मोठ्या उभ्या करायच्या होत्या. माझं काम वरवर सोपं होतं. टर्बाइनचं टाइप सर्टिफिकेट (मॉडेल मानकाप्रमाणे असल्याचा दाखला) आणि जागेचा वारा शेजारी ठेवायचा आणि जुळतात का बघायचं. सर्टिफिकेटवर होतं आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) वर्ग ३, म्हणजे टर्बाइन ज्या जोरदार वाऱ्याला धरून बनवलं तो संदर्भ वेग सेकंदाला ३७.५ मीटर. आपल्या आयएस ८७५ भाग ३ (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) च्या नकाशात त्या पट्ट्याला ३९. एकोणचाळीस जास्त, साडेसदतीस कमी. मी लाल शेरा मारला आणि चहाला गेलो.

परत आलो तर माझ्या वरिष्ठ मॅडमनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "कुठल्या उंचीवरचे? किती सेकंदांचे?"

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा किस्सा सांगतो. आयएस ८७५ मधला आकडा जमिनीपासून १० मीटरवरच्या, ३ सेकंदांच्या झोताचा आहे. आयईसी ६१४००-१ या टर्बाइनच्या मानकातला संदर्भ वेग हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याच्या) उंचीवरचा, १० मिनिटांच्या सरासरीचा आहे. दोन्ही ५० वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याचेच, दोन्ही मीटर प्रति सेकंदातच, म्हणून तर फसायला होतं. मुंबईचे ४४, पुण्याचे ३९ आणि सोलापूरचे ४७ हे असे झोताचे आकडे आहेत. इमारतीच्या इंजिनिअरला ते लगेच कळतात. टर्बाइनच्या वर्गाशी ते थेट ताडून बघता येत नाहीत.

मग आम्ही हिशेब पुन्हा केला. आयईसीच्याच सूत्राने झोत १० मीटरवरून १२० मीटरच्या हबवर नेला की ३९ चे साधारण ५१.३ होतात. झोतावरून १० मिनिटांच्या सरासरीवर यायला १.४ ने भागायचं, की उरले ३६.६. साइट पास! मी लाल शेरा खोडायला निघालो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब, पठाराची कड किती लांब आहे?" कड जवळच होती. चढावर वारा जोर धरतो आणि त्यासाठी आयएस ८७५ मध्ये वेगळा गुणक आहे, १ पासून १.३६ पर्यंत. आमच्या त्या टोकाच्या जागेला १.०५ धरला तरी आकडा ३८.४ झाला. पुन्हा नापास. शेवटी हवेच्या घनतेवर आलो. वर्गाचा हिशेब घनमीटरला १.२२५ किलो धरून केलेला असतो. हजार-अकराशे मीटर उंचीच्या पठारावर हवा विरळ, १.०५ च्या आसपास. भार घनतेच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे वेगाच्या भाषेत ते ३८.४ साधारण ३५.६ इतकेच लागतात. पुन्हा पास, पण या पासला नुसता आकडा पुरत नाही. प्रमाणन संस्था प्रत्येक पायरीचा आधार मागते, आणि "सूत्रात घातलं" हा आधार होत नाही.

एका दुपारीत साइट तीनदा इकडची तिकडे झाली. मूळ आकडा मात्र ३९ च राहिला.

आता थोडं एकूण चित्र. टर्बाइन भारतात विकायचं तर मॉडेल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या यादीत लागतं. तिला वर्षानुवर्षं आरएलएमएम (मॉडेल आणि उत्पादकांची सुधारित यादी) म्हणायचे, २०२५ पासून ती पवनऊर्जेची एएलएमएम (मंजूर यादी) झाली आहे. यादीत शिरायला टाइप सर्टिफिकेट लागतं, आणि आंतरराष्ट्रीय मानकं आपल्या परवानगीत इथूनच शिरतात. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था (जुनी मंडळी अजून सी-वेटच म्हणतात) आणि तिचं तमिळनाडूतल्या कायथारचं चाचणी केंद्र ही नावं तुमच्या कानावर रोज पडतील. तिथले प्रशिक्षणवर्ग जमले तर करा.

दुसरी बाजू जमिनीवरची. सातबारा, मोजणी, ग्रामपंचायत, महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था), उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण आणि संरक्षण खातं, असेल तिथे वनखातं, शिवाय ग्रिडजोडणी. जर्मनीत ५० मीटरपेक्षा उंच चक्कीला प्रदूषण-नियंत्रणाच्या एकाच कायद्याखाली परवानगी मिळते आणि बाकीच्या बऱ्याच मंजुऱ्या तिच्यातच सामावतात. आपल्याकडे प्रत्येक खिडकी वेगळी. उलट, २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत पवनऊर्जा नाहीच, त्यामुळे तो अभ्यास कायद्याने लागत नाही. पण कर्ज परदेशी असेल तर बँक आयएफसीचे (जागतिक बँक गटातल्या वित्त संस्थेचे) निकष पुढे करते आणि पक्षी, वटवाघळं, वस्त्या सगळ्याचा अभ्यास करावाच लागतो. मला विचाराल तर तो पहिल्यापासून करावा. नंतर घाईत केलेला अहवाल वाचताच कळतो.

मानक कुठल्या आवृत्तीचं आहे हे बघायची सवय लावून घ्या. एका निविदेत प्रमाणपत्र आयईसी ६१४००-२२ प्रमाणे मागितलं होतं. ते मानक २०१८ मध्येच मागे घेतलं गेलं आणि त्याची जागा आयईसीआरईच्या (आयईसीच्याच नवीकरणीय ऊर्जा प्रमाणन व्यवस्थेच्या) नियमांनी घेतली. खुलासा मागणारी चार पत्रं गेली, तीन महिने गेले. तसंच तापमानाचं. मानकातली नेहमीची मर्यादा उणे १० ते ४० अंश आहे. जतला किंवा मराठवाड्यात एप्रिलमध्ये जाऊन आलेल्या माणसाला मी अधिक काय सांगू! गरम हवामानाची आवृत्ती आहे का आणि किती अंशांपासून मशीन स्वतःची वीज कमी करतं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पैशाचं म्हणाल तर आयईसीची मानकं स्विस फ्रँकमध्ये विकत मिळतात आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ती परवडत नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. आयएस ८७५ मात्र आधी मुळातून वाचा, कुणाच्या एक्सेलमधून नको.

आवाजाचं प्रकरण तर थेट ग्रामसभेत येतं. सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं १०६ डेसिबल. एका गावात हा कागद कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवला. सभेत एक आजोबा उठले, "साहेब, रात्री ४५ च्या वर नको असं सरकार म्हणतं आणि तुम्ही १०६ लावताय?" आजोबांचं वाचन बरोबर होतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ च आहे. पण ती घरापाशी मोजायची. आयईसी ६१४००-११ प्रमाणे मिळणारे १०६ ही टर्बाइनची स्वतःची ध्वनिशक्ती आहे, कानावर पडणारा आवाज नव्हे. ५०० मीटरवर एका चक्कीचे ४१-४२ उरतात. मी फळ्यावर हे मांडलं, माना डोलल्या. मग आजोबांनी विचारलं, "आणि दोन असल्या तर?"

दोन सारख्या असल्या तर ३ वाढतात. ४५ ला टेकलोच.

२०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरांपासून ५०० मीटर सोडायचे असतात आणि आमच्या नकाशावर ते सोडलेलेही होते. पण नकाशात नसलेली एक धनगरवस्ती ओढ्यापलीकडे होती, आजोबा तिथलेच. दुसऱ्या दिवशी जीपीएस घेऊन गेलो. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, बाहेर मेंढरांचं वाघूर. जवळची चक्की ४६० मीटरवर निघाली. ती चाळीस मीटर सरकवली, तर गट नंबर बदलला, नव्या सातबाऱ्यावर सात नावं निघाली आणि त्यातली दोन मुंबईत होती. दुसऱ्या आठवड्यात मी दादरला त्यांच्या सह्या घ्यायला गेलो.