वसंतात पक्ष्यांचे फोटो काढायचेत? एक फुललेलं झाड धरा आणि तिथंच बसा

फेब्रुवारी अर्धा सरला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, कॅमेरा घेतलाय, झूम लेन्स पण घेतलीये, आता पक्ष्यांसाठी कुठं जाऊ? आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं, कुठं जाऊ ते नंतर बघू, आधी झाड शोध. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही पहाटे निघून दहा वाजेपर्यंत रानात नुसता चालत राहायचो, दिसेल त्या पक्ष्यामागे जायचो आणि आपण एक पाऊल पुढे टाकलं की तो दोन झाडं पुढे. मग एकदा पायात लचक भरली होती म्हणून सिंहगडाच्या पायथ्याला एका काटेसावरीसमोर बसून राहावं लागलं आणि त्या एका सकाळी अकरा जातींचे पक्षी त्या एकाच झाडावर आले. तेव्हापासून होळीच्या आगेमागे मी हेच करतो.

आपल्याकडे पंचांगातला वसंत चैत्रात लागतो पण पक्ष्यांचा वसंत माघातच सुरू होतो. काटेसावर, पळस, पांगारा, ही तिन्ही झाडं पानं गाळून लाल-केशरी होतात आणि रानात बाकी सगळं सुकलेलं असताना यांच्या फुलांत रस असतो. सावरीचं फूल मुठीएवढं, जाड पाकळ्यांचं, आणि मध्ये वाटीसारखा खोलगा, त्यात पक्षी अक्षरशः तोंड घालून पितात. पळसाचं फूल वेगळं. त्याची खालची पाकळी राघूच्या चोचीसारखी बाकदार (संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात ते यावरूनच, हा राघू तर नव्हे असं वाटायला लावणारा), पक्ष्यानं चोच खुपसली की ती दबते आणि आतले परागकण त्याच्या कपाळाला लागतात. पक्ष्यांना रस मिळतो, झाडाचं परागीभवन होतं. म्हणून तर या दिवसांत मैना, बुलबुल, कोतवाल सगळ्यांची डोकी पिवळी झालेली दिसतात, आणि फोटोत ती पिवळी धूळ आली ना की मला तो फोटो नुसत्या सुंदर पक्ष्याच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

आता झाड कसं निवडायचं, हे नीट वाचा कारण अर्धं काम इथंच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे उंची. सावर उंच वाढते, खाली उभं राहून फोटो काढला तर पक्ष्याचं पोट आणि मागे पांढरं आभाळ एवढंच येतं. म्हणून उतारावरचं झाड शोधायचं, घाटरस्त्याच्या दरीच्या बाजूला, डोंगराच्या पायवाटेखाली, धरणाच्या बांधाखाली, जिथं तुम्ही वर आणि झाडाचा शेंडा तुमच्या डोळ्यासमोर. असं झाड सापडलं की मागे आभाळाऐवजी समोरचा डोंगर येतो आणि तो लांब असल्यामुळे बॅकग्राऊंड एकदम मऊ, एकरंगी होतं. पळस बुटका असतो, त्यामुळे माळावरचा पळसही चालतो, फक्त त्याच्यामागे विजेच्या तारा नाहीत ना ते बघा.

दुसरं ऊन. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी हवा, म्हणजे झाड तुमच्या पश्चिमेला. हे ठरवायला आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन या, मोबाईलवर दिशा बघा आणि बसायची जागा नक्की करा. झाडापासून १२ ते १५ मीटर अंतर मला बरं वाटतं, ४०० ते ६०० एमएमच्या लेन्सला पुरतं आणि पक्षीही बिचकत नाहीत.

तिसरं, आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका, सावरीच्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं लागतात. दुर्बिणीनं फांद्यांच्या खालची बाजू बघून घ्या, काळपट लोंबतं काही दिसलं तर ते झाड सोडून द्या. अत्तर, डिओ लावून जायचं नाही, तिथं सिगारेट तर अजिबात नाही.

आणि झाड बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेताच्या बांधावर असतं. विचारल्याशिवाय आत जायचं नाही. मी एकदा एका मामांना विचारलं, मामा, झाडावर पाखरं येतात, सकाळी फोटो काढायला बसू का, तर म्हणाले, "बसा की, पर हरभऱ्यात पाय घालू नका." एवढंच. दहा सेकंदांचं काम आहे, पण नंतर कुणी हटकत नाही आणि आपल्यालाही निवांत बसता येतं.

वेळेचं म्हणाल तर अंधार असतानाच जागेवर पोचायचं. पुण्याकडे मार्चच्या सुरुवातीला सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, महिनाअखेरीस साडेसहाच्या आसपास, म्हणजे तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी बसलेले हवेत. कपडे खाकी किंवा मातकट, पांढरा-लाल शर्ट नको, मोबाईल सायलेंटवर, पाण्याची बाटली हाताशी, आणि स्टूल किंवा सतरंजी न्याच कारण दोन-अडीच तास हलायचं नाहीये. गाडी झाडाजवळ नेता येत असेल तर तिच्यातच बसा, पक्षी माणसाला जेवढे घाबरतात तेवढे गाडीला घाबरत नाहीत, खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवली की ट्रायपॉडची गरजच नाही. फक्त इंजिन बंद ठेवा, सुरू असलं की फ्रेम थरथरते.

सगळ्यात आधी येतो कोतवाल, अजून नीट उजाडलेलंही नसतं. मग बुलबुलांच्या जोड्या, साळुंक्या, भांगपाडी मैना. फांद्यांवर ऊन पडलं की शिंजीर (फुलांतला रस पिणारे इवलेसे सनबर्ड) येतात, हळद्या येतो, टकाचोर येतो आणि खोडावर कुठंतरी तांबट पुक पुक सुरू करतो. आणि मग भोरड्या. भोरडी म्हणजे पळसमैना, गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, मध्य आशियाकडून आलेली पाहुणी, हिवाळाभर आपल्याकडे असते आणि एप्रिलमध्ये परत जाते, त्यामुळे जायच्या आधीचे हे दिवस म्हणजे तिचे सगळ्यात देखणे दिवस, गुलाबी रंग उजळलेला असतो. थवा येतो तोच गोंगाट करत, एकेका फुलासाठी भांडणं, पंख फडफडवून एकमेकींना हुसकावणं, तुम्हाला शटर दाबायला वेळ पुरत नाही. मध्येच एकदम सगळं चिडीचूप झालं तर समजा शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आलाय, वर बघा.

सेटिंग्ज सांगतो, माझी आहेत, तुम्ही तुमची बसवा. मॅन्युअल मोड, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, वरची मर्यादा ३२०० (नवीन फुल फ्रेम बॉडी असेल तर ६४०० पर्यंत ठेवा), अपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ६.३ नाहीतर लेन्स जेवढं उघडेल तेवढं, शटर बसलेल्या पक्ष्याला १/१०००, भोरड्यांच्या भांडणाला १/२०००, शिंजीर फुलासमोर हवेत थबकतो त्याला १/२५०० तरी. फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्यामागे फिरणारा), बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू, पण बटण दाबून धरून नाही, तीन-चार फ्रेमचे छोटे छोटे फटके. डोळा ओळखणारा फोकस असेल तर उत्तमच, नसेल तर मधला एक पॉइंट घेऊन डोळ्यावर ठेवा. आणि पोचल्या पोचल्या एक टेस्ट फोटो काढून शटर स्पीड बघा. मी एकदा आदल्या संध्याकाळी धबधब्यासाठी १/६० ठेवलं होतं, तसंच राहिलं, मॅन्युअल असल्यामुळे कॅमेऱ्यानंही काही बदललं नाही, आणि चाळीसएक भोरड्यांचा थवा समोर असताना २०० फोटो काढले ते सगळे हललेले निघाले. त्या वर्षी पुन्हा तसा थवा मिळाला नाही, अजून हळहळ वाटते.

लाल रंगाचं एक दुखणं आहे ते पण समजून घ्या. पळस, सावर, पांगारा उन्हात इतके लाल असतात की कॅमेऱ्याचा लाल चॅनेल फाटतो, साध्या हिस्टोग्राममध्ये (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन बघावं तर पाकळीवरच्या शिरा गायब, नुसता लाल डाग. म्हणून लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करा. पक्षी काळा असेल तर तो थोडा अंधारतो, हरकत नाही, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाईल) काढा, सावली नंतर उचलता येते, फाटलेला लाल परत येत नाही. मागे आभाळच असेल तर उलटं, तेव्हा एक स्टॉप वाढवावा लागतो नाहीतर कोतवालाची नुसती आकृती येते.

आता खरी गंमत, जी कुठल्या सेटिंगमध्ये नाही. पक्ष्याकडे बघू नका, फुलाकडे बघा. ताजं उमललेलं, रसाने भरलेलं फूल कुठलं आणि शिळं, मलूल कुठलं हे पंधरा मिनिटांत कळायला लागतं. पक्षी ताज्या फुलांवरच परत परत येतात. त्यातलं एक असं निवडा ज्याच्यामागे फांद्यांची गिचमिड नाही, त्यावर आधीच फोकस करून ठेवा आणि थांबा. माझा सगळ्यात लाडका शिंजीराचा फोटो असाच मिळालाय. जांभळा शिंजीर लांबून कोळशासारखा काळा दिसतो, पण ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल आणि त्यानं मान वळवली की तोच काळा एकदम निळा, जांभळा, मध्येच हिरवट असा पेटतो, सेकंदभरच, आणि विणीच्या दिवसांत मादीसमोर पंख ताठ करतो तेव्हा खांद्याखालून पिवळ्या-केशरी पिसांचे दोन झुबके बाहेर काढतो जे एरवी दिसतही नाहीत. तो क्षण हवा असेल तर त्या फुलावर डोळा लावून बसण्याशिवाय इलाज नाही. मला तिसऱ्या सकाळी मिळाला.

नऊ-साडेनऊनंतर आवरतं घ्या. ऊन कडक होतं, सावल्या काळ्या पडतात आणि तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागते, लांबच्या पक्ष्याचा फोकस कितीही चांगला असला तरी चित्र पाण्यातून बघितल्यासारखं येतं. लोक लेन्सला दोष देतात, पण दोष हवेचा असतो. निकॉन पी९०० सारखा कॅमेरा असेल, २०००एमएम पर्यंत जाणारा, तर त्यात हे फारच जाणवतं, झूम कमी करा आणि जवळचा पक्षी बघा.

झाडांचा कंटाळा आला तर मार्चमध्ये भिगवणला एक फेरी मारा, पुण्याहून साधारण १०० किलोमीटर, उजनीच्या बॅकवॉटरला कुंभारगावातून होडी मिळते आणि रोहित (फ्लेमिंगो) असतात. होडीवाल्याला निघतानाच सांगा की दादा, थवा उडवायचा नाही, लांबच इंजिन बंद करा. काही पर्यटक उडते रोहित हवेत म्हणून होडी अंगावर घालायला लावतात, ते बघून फार वाईट वाटतं, लांबच्या प्रवासाआधी खाऊन अंगात ताकद साठवायची असते त्यांना.

आणि घरटी. चैत्र लागला की सगळीकडे घरटी असतात आणि मोह होतो, मला माहितीये. घरट्याचा फोटो काढू नका. पक्षी चोचीत काडी किंवा अळी घेऊन एकाच फांदीवर अस्वस्थ बसलाय, ओरडतोय पण कुठं जात नाही, असं दिसलं तर समजा घरटं तुमच्या जवळ आहे आणि तो तुमच्यामुळे अडलाय. उठा, पंचवीस-तीस पावलं मागे जा. आडवी येणारी डहाळी मोडायची नाही, तीच घरट्याची सावली असते आणि तिच्यामुळेच ते कावळ्याच्या नजरेआड राहतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय आणि तो पिल्लांचं खाणं सोडून तुमच्या मोबाईलशी भांडत बसतो. घरट्याची जागा कुणालाही पाठवू नका, जवळच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो निवडा. ६०० काढले तर २० ठेवायचे, डोळा शार्प नाही तो गेला, मान पलीकडे वळलीये तो गेला. एक वही ठेवा, कुठलं झाड, कुठल्या तारखेला पहिलं फूल, कुठल्या दिवशी भोरड्या आल्या, शेवटच्या कधी दिसल्या. झाडांचे बहर दरवर्षी आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतात, पण एकाच भागात आधी कोण आणि नंतर कोण हा क्रम बराचसा जमतो, तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की रजा कधी टाकायची ते आपोआप कळतं.

आणि एक प्रिंट काढा, आठ बाय दहाची, ज्यांच्या बांधावर बसलात त्यांना नेऊन द्या. त्या हरभऱ्याच्या मामांना मी पळसावरच्या भोरडीचा फोटो दिला, त्यांनी तो ओटीवर लावला आणि बराच वेळ बघत राहिले, म्हणाले इतकी वर्षं झाड हितंच हाय, ही गुलाबी असती हे आत्ता बघितलं. आता फुलं धरली की त्यांचाच फोन येतो, पाखरं आली, या.