जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवताना

संगणक दुरुस्तीचे काम शिकत असताना पहिले स्वतंत्र काम म्हणून मी घरातलाच जुना डेस्कटॉप हाती घेतला. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागत आणि सुरू झाल्यावरही कॅबिनेटवरचा लाल दिवा बराच वेळ अखंड पेटलेला असे. रॅम कमी पडत असावी, असा माझा अंदाज होता. पण टास्क मॅनेजर उघडून पाहिल्यावर निम्मी रॅम मोकळी आणि डिस्कचा वापर मात्र १०० टक्के दिसला. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच की, आधी मशीन नेमके कशासाठी थांबते आहे ते पाहावे आणि मगच खरेदीचा विचार करावा.

हार्ड डिस्क थांबते याचे कारण तिच्या रचनेतच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात, आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे असेल, तर अशी डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० वेळाच वाचू शकते, आणि संगणक सुरू होताना तर हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह; त्यात फिरणारे काहीच नसल्याने हीच जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सापडते.

‘जुन्या बोर्डावर साटा-२ आहे, मग एसएसडी घेऊन उपयोग काय?’ हा प्रश्न मलाही पडला होता. साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डाला जोडण्याची पद्धत. साटा-२ ची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ३०० एमबी, तर साटा-३ ची ६०० एमबी आहे. त्यामुळे मोठी फाइल सलग वाचताना एसएसडीचा वेग निम्म्यावर येतो, हे खरे आहे. परंतु रोजच्या वापरात जाणवणारा फरक लहान फाइलींचा असतो आणि तो जुन्या पोर्टवरही जवळजवळ पूर्ण मिळतो. एनव्हीएमई ड्राइव्हच्या, म्हणजे साटाऐवजी वेगळ्या, अधिक वेगवान मार्गाने जोडल्या जाणाऱ्या एसएसडीच्या मोहात मात्र पडू नये, कारण जुने बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सहसा त्यावरून बूट होऊ शकत नाहीत. अडीच इंची साटा एसएसडी हाच अशा मशीनसाठी सरळ मार्ग आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी जुन्या डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदी, वाचावी. त्यातल्या ५ आणि १९७ या क्रमांकांच्या नोंदी बदललेले आणि संशयास्पद सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे लहान कप्पे) दाखवतात. हे आकडे वाढत असतील, तर क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करून त्या डिस्कला दमवू नये. महत्त्वाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि त्यांतल्या काही उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

प्रत्यक्ष जोडणी दहा मिनिटांची असते. वीज बंद करून केबल काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. साटाचा कनेक्टर आतून इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा असल्याने तो एकाच बाजूने बसतो, त्यामुळे जोर लावायची गरज पडू नये.

माझी चूक याच्या पुढच्या टप्प्यावर झाली. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून मी एसएसडीवर नवे विंडोज बसवले. सगळे सुरळीत चालले आणि आठवड्याने जुनी डिस्क काढताच मशीन सुरूच होईना. बूट होण्यासाठी लागणाऱ्या फाइली इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवरच्या आधीच्या पार्टिशनमध्ये लिहिल्या होत्या; एसएसडीवर विंडोज होते, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट दुसऱ्या डिस्कवर राहिली होती. सारे पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस गेला. तेव्हापासून इन्स्टॉल करताना मी जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवतो.

बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई या जुन्या पद्धतीवर असेल, तर विंडोज बसवण्यापूर्वीच तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर न्यावा. क्लोन केलेल्या विंडोजमध्ये हा बदल थेट केल्यास निळा पडदा आणि ०एक्स७बी ही त्रुटी समोर येण्याची शक्यता मोठी असते. विंडोज १० मध्ये आधी सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरसह विंडोज सुरू करण्याची सोय) निवडून रीस्टार्ट करावे, त्याच वेळी बायोसमध्ये मोड बदलावा आणि एकदा सेफ मोडमध्ये सुरू झाल्यावर ती निवड काढून टाकावी. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

काम झाल्यावरही मशीन दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवावे. माझ्याकडे मोठी फाइल कॉपी होताना मध्येच काही सेकंद सगळे थिजत असे आणि मला नव्या एसएसडीचाच संशय आला होता. स्मार्टमध्ये पाहिले, तर १९९ क्रमांकाची, म्हणजे सीआरसी चुकांची नोंद दर कॉपीला वाढत होती. ही नोंद डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरचे बिघाड मोजते. कॅबिनेटमधली जुनी लाल केबल मी तशीच वापरली होती आणि तिचे टोक पोर्टमध्ये सैल हलत होते. केबल बदलली. ती नोंद शून्यावर परत येत नसते, त्यामुळे आकडा ४१ वरच राहिला आणि त्यानंतर एकानेही वाढलेला नाही.