डॅशकॅमला गाडीतून वीज देताना या चुका टाळा

गणपतीला पाच दिवस रेल्वेने गावी जाऊन आलो, तर पार्किंगमधली गाडी सेल्फच घेईना. नुसती टकटक. बॅटरीला वर्षही झालं नव्हतं. दोष निघाला डॅशकॅमच्या वायरीत. दुकानातल्या पोराने लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून कायम चालू असलेल्या फ्यूजवर देऊन टाकली होती.

हार्डवायर किटला, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूजबॉक्सला जोडायच्या वायरींच्या संचाला, बहुधा तीन वायरी असतात. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची, पिवळी कायम चालू पुरवठ्याची, लाल एसीसीची, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच जिथे वीज येते तिथली. गाडी उभी आहे हे कॅमेऱ्याला लाल वायरीवरून कळतं. ती कायम चालू फ्यूजवर बसली की त्याच्या लेखी गाडी रात्रंदिवस धावतेच आहे. 0.25 अँपिअर ओढणारा कॅमेरा 24 तासांत 6 अँपिअर-तास खातो, आणि छोट्या हॅचबॅकची बॅटरी 35 च्या आसपासची. पाच दिवसांत 30 गेले, मग सेल्फ कुठून मारणार? किटमध्ये कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की कॅमेरा बंद करणारी सोय, होता, पण 11.6 व्होल्टवर. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, 11.6 ला ती जवळपास रिकामी असते. कटऑफ 12.2 च्या खाली ठेवू नका.

एसीसीचा फ्यूज मल्टिमीटरनेच शोधा. किल्ली काढल्यावर शून्य आणि एसीसीवर 12 व्होल्ट यायला हवेत. मात्र नव्या गाड्यांत काही फ्यूज किल्ली काढल्यावरही काही मिनिटं जिवंत राहतात. गाडी लॉक करा, चहा पिऊन या, मग मोजा. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) फ्यूजना हात लावू नका.

फ्यूज टॅप म्हणजे जुन्या फ्यूजच्या जागी बसणारा, जुना आणि कॅमेऱ्याचा असे दोन फ्यूज घेणारा जोड. तो उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लपून राहते. जुना फ्यूज काढा, दोन खाचांपैकी कोणत्या खाचेत वीज येते ते पाहा आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामायिक असलेला पाय तिथे घाला. बहुतेक टॅपमध्ये तो वायरीच्या विरुद्ध बाजूला असतो. उलटं झालं तर कॅमेऱ्याचा भारही जुन्या फ्यूजमधूनच जातो.

फ्यूज वारंवार उडतोय म्हणून 10 च्या जागी 20 चा घालणारे महाभाग आहेत. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो तगला तर वायर वितळते, तीही डॅशबोर्डच्या आत. कॅमेऱ्याला 2-3 अँपिअरचा पुरतो.

खड्ड्यात गाडी आदळली की कॅमेरा बंद पडतो? आधी अर्थ बघा. रंग दिलेल्या किंवा प्लॅस्टिकमध्ये रुतलेल्या स्क्रूवर अर्थ मिळत नाही. बॉडीच्या पत्र्यात बसलेला बोल्ट निवडा, रंग खरवडा, वायरीच्या टोकाला रिंग लग (धातूची कडी) लावून घट्ट आवळा. साधी इन्सुलेशन टेप इथे नकोच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद पाघळतो.

सेल्फ मारताना कॅमेरा क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर मात्र काही उघडू नका. तेवढा वेळ बऱ्याच गाड्यांत एसीसी मुद्दाम तोडलेला असतो.

वायर काचेशेजारच्या खांबातून खाली आणताना तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे का पाहा. असेल तर वायर तिच्या मागून न्या. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना वायर आडवी येते. खांबाचं कव्हर ओढून काढायची भीती वाटत असेल, तर एवढं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून.