बागेतली रेल्वे: चढ आणि पावसाळा

१८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आमच्या ठाण्यालाच आली होती. कोलशेतच्या अंगणातही एक गाडी धावावी असं फार वर्षं मनात होतं. जी-स्केल घेतलं, म्हणजे बागेत चालवायच्या मोठ्या मॉडेल गाड्यांचं माप; रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर.

पहिल्या आराखड्यात मी फक्त वरून दिसणारा नकाशा काढला, उंची मोजलीच नाही. पायरीजवळ ३ मीटरांत १२ सेंटिमीटर चढ आला, म्हणजे शंभराला चार. चार डबे जोडले की इंजिनाची चाकं तिथे जागच्या जागी फिरायची. गवंडीकाका म्हणाले, "भाऊ, आधी लेव्हल पाइप लावा." पाणी भरलेली नळी धरून आम्ही दोघांनी दर अर्ध्या मीटरवर खुंट्यांना खुणा केल्या आणि तोच चढ ६ मीटरांवर पसरवला. आता गाडी न अडखळता चढते. जास्वंदीला वळसा घालावा लागला. झाड तोडायचं नव्हतंच.

दुसरं दुखणं जूनमध्ये कळलं. रूळ थेट मातीवर होते. दोन जोरदार सरींत माती खचली, वळणावर डबे घसरले. मग वीतभर चर खणला, तळाशी खडी, वर बारीक कच, आणि पाणी बाहेर जाईल असा हलका उतार. कचच घ्या, गोल वाळू नको: कचेचे टोकदार कण एकमेकांत अडकून बसतात. आणि रूळ पक्के ठोकू नका. उन्हात रुळांचं पितळ वाढतं, त्याला सरकायला जागा लागते.

रूळ काळे पडले की त्यांतून इंजिनाला वीज नीट पोचत नाही, म्हणून आता इंजिनातच बॅटरी बसवतोय.